पानाचा पैसा, तेलाचा पैसा

विडी ओढणारा माणूस धुराकडे पाहतो. पान कोणत्या झुडपाचे, ते कोणी तोडले आणि त्याचा पैसा कोणकोणत्या हातांतून गेला, ह्याचा विचार तो करीत नाही. त्याने तो करावा अशी अपेक्षाही कोणी ठेवीत नाही. बाजार चालतो तो मुळी ह्या न विचारण्यावरच. मीठ घेताना मिठागराची आणि कापड घेताना गिरणीची कुळकथा विचारायची म्हटली, तर दुकानाच्या पायरीवरच दिवस मावळेल. परंतु काही वस्तू अशा असतात की त्यांची कुळकथा आपण विचारली नाही तरी ती एक दिवस आपल्या दारात येऊन उभी राहते. तेल ही अशी वस्तू आहे. आणि आमच्या भंडारा जिल्ह्यापुरते बोलायचे, तर तेंदूचे पान हीही अशीच वस्तू आहे. ह्या दोहोंना एका पंक्तीत बसवलेले पाहून कोणी हसेल. एकीसाठी राज्ये उलथली गेली, दुसरीवर गरिबाची दोन घटकांची करमणूक भागते. तरीही पश्चिमेकडील राष्ट्रांनी दहशतवादाला आणि आपल्या तेलाच्या गरजेला कसे तोंड द्यावे, हा जगाचा मोठा प्रश्न मला तेलाच्या विहिरीपेक्षा तेंदूच्या झुडपापाशी अधिक स्पष्ट दिसतो.

भंडारा हा धानाचा आणि तळ्यांचा जिल्हा. धान निघाले की पुढचा पाऊस येईपर्यंत शेतात काम थोडे आणि घरात पैसा त्याहून थोडा. ह्या कोरड्या दिवसांत जंगलालगतच्या गावांना आधार असतो तो तेंदूपानाचा. वैशाखात उजाडण्यापूर्वी जंगलात जायचे, ऊन चढण्याआधी पाने तोडायची, दुपारी सावलीत बसून त्यांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागेवर, ते मोजून द्यायचे. दर ठरतो तो शंभर पुड्यांवर. पुढे ती पाने वाळून पोत्यांत भरली जातात, कारखानदाराकडे जातात आणि तेथून विडी वळणाऱ्या बायकांच्या ओसरीवर येतात. पान भिजवायचे, फर्म्याने कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. भंडारा, तुमसर, गोंदिया ह्या गावांच्या भरभराटीत ह्या बायकांच्या बोटांचा वाटा मोठा आहे. 1999 च्या 1 मे रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत देवरी आणि सालेकशाची जंगलेही भंडाऱ्याचीच होती. दक्षिणेला गडचिरोली. झाडीपट्टीचा हा सगळा मुलूख एका पानाने बांधलेला आहे.

पानाचा हा व्यवहार कोणाकोणात होत होता, हे नीट पाहिले पाहिजे. 1969 च्या कायद्याने ह्या व्यापाराची मक्तेदारी महाराष्ट्र शासनाकडे आली. शासनाने विकायचे, कंत्राटदाराने घ्यायचे. ज्याने पान तोडले तो ह्या सौद्यात कोठेच नव्हता. तो मजूर होता, आणि मजुराला दर सांगितला जातो, विचारला जात नाही. अशा मुलखात 1980 च्या सुमारास प्राणहितेपलीकडून नक्षलवादी आले. त्यांनी आरंभी क्रांतीचे शास्त्र सांगितले नाही. तेंदूपानाचा दर वाढवून मागितला. जंगलखात्याच्या खालच्या नोकरांचा जाच आणि कंत्राटदाराचे माप ह्यांना विटलेल्या माणसाला ही भाषा तत्काळ कळली. दर वाढले. ज्या दाराने त्यांचा गावात शिरकाव झाला ते दार असे अन्यायाने आधीच उघडे ठेवलेले होते.

पुढे काय झाले हेही तितकेच खरे आहे. ज्या पानाने त्यांना गावाचे कान मिळवून दिले, त्याच पानाने त्यांना तिजोरी मिळवून दिली. माल जळू नये म्हणून कंत्राटदार ठराविक रक्कम पोचवू लागले; पोलीस आणि शासन हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. त्या बंदुकांपुढे 2009 च्या 8 ऑक्टोबरला लाहेरीजवळ सतरा पोलीस पडले. 2019 साली, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्यापाशी सुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला गेला. खबरे ठरवून ज्यांना ठार केले ते बहुतेक पाने तोडणाऱ्यांचेच भाऊबंद होते. 2025 च्या ऑक्टोबरात भूपती ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या म्होरक्याने साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. चळवळ ओसरली. पण तिने मागे ठेवलेला प्रश्न ओसरलेला नाही.

प्रश्न असा: पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या नाक्यावर विडीचे बंडल घेणाऱ्याच्या माथी त्या सोळा मरणांतले काही लागते काय?

दोन सोपी उत्तरे आहेत. एक म्हणजे, काहीच लागत नाही. त्याने विडी घेतली, बंदूक घेतली नाही. दुसरे म्हणजे, सगळे लागते. त्याचा पैसा नसता तर सुरुंग नसता. पहिले उत्तर दुकानदाराचे आहे, दुसरे प्रचारकाचे. कोणत्या पुड्याचा कोणता रुपया कोणत्या काडतुसात गेला हे कोणीही सांगू शकत नाही. आणि जे सांगता येत नाही त्याबद्दल कोणाला खुनी ठरवणे हा न्याय नव्हे. पण सांगता येत नाही म्हणून ते घडलेच नाही, असेही होत नाही.

आपल्याकडे ह्या प्रश्नाला एक जुनी गोष्ट आहे. वाल्या कोळी वाटसरूंना लुटून घर चालवीत असे. नारदाने त्याला घरी पाठवले: विचारून ये, तुझ्या पापात कोण वाटेकरी होतो. बायकोने सांगितले की आम्हांला पोसणे हे तुझे काम; ते तू कसे करतोस ह्याचा जाब तुला. आपण ही गोष्ट वाल्याची म्हणून ऐकतो. त्याला वैराग्य येते, त्याच्यावर वारूळ चढते, त्याचा वाल्मीकी होतो आणि ऐकणारा हात जोडून मोकळा होतो. मला मात्र त्या बाईपाशी थांबावेसे वाटते. तिचे उत्तर त्या दिवसापुरते बरोबर होते. तिने कोणाला लुटायला सांगितले नव्हते. पण प्रश्न विचारला गेल्यानंतर तिची स्थिती पहिल्यासारखी राहिली नाही. घरात येणारे धान्य कोठून येते हे आता तिला ठाऊक झाले. दुसऱ्या दिवशी तिने चुलीवर काय शिजवले, हे गोष्ट सांगत नाही. वाल्या तपाला बसला. तिच्यावर दुसरे दार शोधण्याची पाळी आली. नीतीचा प्रश्न माझ्या मते तेथून सुरू होतो. अज्ञानातला उपभोग हा दोष नव्हे. कळल्यानंतर माणूस काय करतो, ह्यावर त्याचा वाटा ठरतो.

पश्चिमेच्या दारात नारद एकदा नव्हे, अनेकदा येऊन गेला.

1945 च्या 14 फेब्रुवारीला सुएझच्या कालव्यातील एका खाऱ्या सरोवरात, अमेरिकन युद्धनौकेवर, रूझवेल्ट आणि सौदी अरेबियाचे राजे इब्न सौद ह्यांची भेट झाली. एकाकडे तेल, दुसऱ्याकडे बळ. त्या मैत्रीचा पाया तेव्हापासूनचा. राजाच्या प्रजेला ह्या मैत्रीविषयी कोणी विचारले नाही. इराणात मात्र प्रजेने तोंड उघडले होते. 1951 साली तेथील लोकसभेने आपले तेल राष्ट्राच्या मालकीचे केले आणि मोसाद्देक पंतप्रधान झाले. 1953 साली ब्रिटन आणि अमेरिका ह्यांच्या हेरखात्यांनी मिळून त्यांना उलथवले. ज्यांनी आपल्या देशात लोकशाहीसाठी रक्त सांडले होते, त्यांनी दुसऱ्याच्या देशातली लोकशाही तेलासाठी मोडली. 1979 साली इराणात जे उसळले ते सर्वस्वी त्याचेच फळ होते असे मी म्हणणार नाही. पण त्या रागाला आठवण होती.

1973 साली अरब देशांनी तेल रोखले आणि तीन डॉलरच्या आसपास मिळणारे पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या आसपास गेले. हॉलंडमध्ये रविवारी मोटारी बंद झाल्या. अमेरिकेत पंपांपुढे रांगा लागल्या. राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांनी 1979 साली आपल्या निवासाच्या छपरावर पाणी तापवणारे सौरसंच बसवले आणि लोकांना काटकसर शिकवली. लोकांना ती रुचली नाही. 1986 साली तेल स्वस्त झाले आणि त्याच वर्षी छपराच्या दुरुस्तीच्या निमित्ताने ते संच खाली उतरवले गेले. स्वस्ताईत माणसाला आपला निश्चय आठवत नाही. राष्ट्रांनाही आठवत नाही.

मग 2001 चा 11 सप्टेंबर आला. एकोणीस अपहरणकर्त्यांपैकी पंधरा सौदी होते. युद्ध आधी अफगाणिस्तानावर गेले, ते तरी समजण्यासारखे होते. 2003 साली ते इराकवर गेले, ज्याचा ह्या कटाशी संबंध नव्हता. अमेरिकन कायदेमंडळाच्या चौकशी अहवालातली सौदी अरेबियाविषयीची अठ्ठावीस पाने मात्र तेरा वर्षे कुलुपात राहिली. 2016 साली ती बाहेर आली. त्यांत सिद्ध झालेले काही नव्हते, धागेदोरे होते. दुसऱ्या एका आयोगाने तर 2004 सालीच स्पष्ट केले होते की सौदी शासनाने शासन म्हणून ह्या कटाला पैसा दिल्याचा पुरावा नाही. ते मान्य करू. तरी मनात येते की धागेदोरे एखाद्या नावडत्या आणि कोरड्या देशाविषयी असते, तर ते इतकी वर्षे कपाटात राहिले असते काय?

मला जे म्हणायचे आहे ते येथे आहे. परावलंबनाने तिजोरी रिकामी होते हे खरे, पण त्याहून मोठी हानी जिभेची होते. मराठीत ह्याला मिंधेपणा असा नेमका शब्द आहे. मिंधा माणूस खोटेच बोलतो असे नाही. तो खरे बोलायचे टाळतो. 2019 साली जो बायडेन ह्यांनी निवडणुकीच्या रिंगणात सांगितले की पत्रकार खशोगी ह्यांच्या हत्येबद्दल आपण सौदी राज्यकर्त्यांना वाळीत टाकू. 2022 साली युक्रेनच्या युद्धाने तेल भडकले आणि जुलै महिन्यात ते जेद्दाला गेले. माणूस तोच होता. मध्ये पिंपाचा भाव आला. आणि ज्या प्रजेच्या राजाविषयी सगळे जग असे मूग गिळून बसते, त्या प्रजेतल्या एखाद्या तरुणाला पश्चिमेच्या न्यायाच्या गोष्टी ढोंग वाटू लागल्या, तर त्याच्या कानाशी बसलेल्या धर्मांधाचे काम निम्मे झालेले असते. ह्याने त्याचा खून पवित्र होत नाही. पण त्या ढोंगाचा पुरवठा कोणी केला, हे विचारता येते.

येथे दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा: तेल घेणे थांबवले म्हणजे दहशतवाद थांबेल ही भाबडी समजूत आहे. खरेच आहे. 11 सप्टेंबरच्या सबंध कटाला चार ते पाच लाख डॉलर लागले असा त्या आयोगाचा अंदाज होता. एवढा पैसा उभा करायला तेलाची विहीर लागत नाही. उलट नॉर्वेही तेल विकते. तेथून कोणी धर्मयुद्ध पाठवले नाही. आमच्याकडेही जेथे जेथे तेंदूपान आहे तेथे तेथे बंदूक आली नाही. पैसा हे खत आहे. बी वेगळे असते. परंतु खताने पीक माजते, आणि पन्नास वर्षे एखाद्या शेतात खत ओतीत राहिलेल्या माणसाने पीक पाहून आश्चर्य दाखवू नये.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. उद्या सगळ्यांनी विडी सोडली, तर आधी उपाशी कोण राहील? म्होरक्या नव्हे, कंत्राटदारही नव्हे. ओसरीवर सूप मांडून बसलेली बाई. तेलाचेही तसेच आहे. निर्बंध राजवाड्यापर्यंत पोचतात तेव्हा त्यांची धार बोथट झालेली असते; झोपडीत ते पहिल्या दिवशी पोचतात. 1990 पासून इराकवर जवळजवळ तेरा वर्षे निर्बंध होते. सद्दामचे महाल उभेच राहिले आणि औषधे मिळेनाशी झाली. तेव्हा बहिष्कार हे सरसकट उत्तर नव्हे. माल घ्यायचा की नाही, ह्याहून निर्णायक प्रश्न असा की सौदा कोणाशी करायचा.

ह्याचे उत्तर झाडीपट्टीत अंशतः सापडले आहे. 1996 च्या पेसा कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. मेंढा (लेखा) गावाने बांबू विकण्याचा हक्क मिळवला, तो 2011 साली. 2013 पासून गडचिरोलीतल्या आणि गोंदियातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपान स्वतः विकू लागल्या. काल ज्याला दर सांगितला जात होता, तो आज दर मागतो. ह्याने रामराज्य आले नाही. व्यापारी एकी करतात, हिशेबात घोळ होतात, आणि खंडणीचा निरोप तेथेही पोचला असे पोलीस म्हणतात. पण आता ती खंडणी कंत्राटदाराच्या खिशातून जात नाही, गावाच्या ताटातून जाते, हे गावाला दिसते. अन्यायाविरुद्ध लढतो म्हणणाऱ्याला आपल्याच ताटात हात घालताना पाहिले की त्याची खरी ओळख पटते. बंदुकीचे मोठेपण कमी करायला गस्त लागलीच. पण मालकाची नजरही लागली.

ह्या दृष्टीने पाहता पश्चिमेपुढे तीन कामे आहेत असे मला वाटते. पहिले, गरज कमी करणे, आणि ती भाव चढल्यावर नव्हे, भाव उतरलेले असताना. डेन्मार्कची 1973 साली जवळजवळ सगळी भिस्त बाहेरच्या तेलावर होती. त्याने निश्चय सोडला नाही, आणि आज त्याची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यावर निघते. हे काम पर्यावरणासाठी आवश्यक आहेच. मी ते स्वाभिमानासाठीही आवश्यक मानतो, कारण गरज जितकी कमी तितकी जीभ मोकळी. दुसरे, ज्याच्याकडून घ्यायचे त्याच्या प्रजेला सौद्यातला पक्ष मानणे: किती पैसा दिला आणि तो कोणाच्या खात्यात गेला हे उघड करणे, आणि मित्राचा जुलूम शत्रूच्या जुलमाइतक्याच मोठ्याने सांगणे. तिसरे, दहशतवाद्याला गुन्हेगार म्हणून वागवणे. 2008 च्या 26 नोव्हेंबरला मुंबईत 166 माणसे मारली गेली. जिवंत सापडलेल्या कसाबला वकील दिला गेला, साक्षीपुरावे झाले, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि 2012 साली येरवड्यात त्याला फाशी झाली. फाशीविषयी मतभेद असोत. पण ज्या शहराला जाळले त्या शहराने न्यायालयाची पायरी सोडली नाही. ग्वांतानामोच्या तुरुंगात 11 सप्टेंबरच्या कटाचा खटला वर्षानुवर्षे रेंगाळला, कारण आरंभीच्या छळाने पुराव्यालाच कीड लागली होती. श्रीमंत राष्ट्राला जे साधले नाही ते मुंबईच्या एका न्यायालयाला साधले, हे आपण नम्रतेने पण ठामपणे सांगायला हरकत नाही.

नम्रतेने म्हणतो, कारण आपण काही पंक्तीबाहेर बसलेलो नाही. भारत आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. 2022 नंतर रशियाचे तेल स्वस्त मिळू लागले आणि युक्रेनवरच्या आक्रमणाविषयी आपले शब्द मोजके राहिले. गरिबाच्या चुलीचे कारण खोटे नाही. वाल्याच्या बायकोचेही खोटे नव्हते.

आणि आमच्या जिल्ह्यापुरती तर ही गोष्ट लवकरच उलटी फिरण्याचा संभव आहे. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारे मँगनीज टॉर्चच्या सुक्या बॅटऱ्यांना लागत आले आहे. तेलाशिवाय चालणाऱ्या मोटारींच्या काही बॅटऱ्यांतही निकेल आणि कोबाल्टबरोबर मँगनीज असते. त्यांतला बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो, आणि तेथे तो खणणाऱ्यांत लहान मुलेही आढळली आहेत. तेल सोडून बॅटरीकडे वळलेल्या माणसाला आपण हात धुऊन मोकळे झालो असे वाटेल. तसे होत नाही. वस्तू बदलते, पण सौद्यात कोण बसला आणि कोणाला उठवले हा प्रश्न तेथल्या तेथेच राहतो. फरक एवढाच की तो उद्या विचारला जाईल तेव्हा आपण घेणाऱ्यांच्याच नव्हे, विकणाऱ्यांच्याही बाजूला असू. आणि खाणीच्या आसपासच्या गावांना त्या सौद्यात पाट मांडला आहे की नाही, हे सांगण्याचे काम दुसऱ्या कोणाचे नसेल.